चांदणी लावलेली ओळ

६ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझे कान रुसलेले, म्हणजे फोन बाद. संगणकाचं तोंड पुन्हा बघणार नाही अशी तू शपथ घेतलेली, म्हणजे मेलही बाद. तेव्हा कागदच बरा. पोस्टातल्या बाईने तिकीट देताना मला नीट निरखून पाहिलं. हल्ली पत्रं कोर्टातलीच येतात-जातात, असं तिचं म्हणणं.

तुझ्या खुर्चीवर बसायला लागून मला दोन महिने झाले. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत माझं नाव कोणी घेतच नाही; मी सगळ्यांची 'बाईंची पुतणी'. काम आता हाताखालून जातं. तपासणीचं यंत्र दुपारी दोनला बाराही टाक्यांच्या कच्च्या फाइली स्वतःच तिकडे, आरोग्यवाल्यांच्या दूरच्या सर्व्हरवर टाकतं. चारला मी साहेबांनी सही केलेला दिवसाचा पक्का तक्ता पाठवते. पण त्याआधी त्या सर्व्हरला आज्ञा द्यायच्या. तुझ्या वहीत तू लिहून ठेवलंयस ते मला फार आवडलं: 'लोकांच्या घरात शिरल्याशिरल्या पिशवी आपटू नये. आधी दार वाजवावं, खोली विचारावी, मग ठेवावी.' प्रत्येक आज्ञेला तिकडून आकड्यात उत्तर येतं. दोनशे पन्नास म्हणजे झालं, पाचशे पन्नास म्हणजे नाही जमलं. उत्तर आलं की मला अजून बरं वाटतं. कोणीतरी ऐकतंय असं.

आता विचारायचं ते. वहीत तीन आज्ञा आहेत: नाव सांग, कप्प्यात जा, कालच्या तक्त्याचं नाव बदल. यंत्रात मात्र चार आहेत. चौथी ओळ काहीतरी पुसते, आणि तिच्या आधी एक चांदणीची खूण आहे. ती कशाची? साहेबांना विचारणार होते, पण म्हटलं आधी तुला विचारावं. उगाच अडाणी दिसायला नको.

पिल्लू बरी आहे. चार वर्षांची झाली आणि भांडायला चाळीस वर्षांची. तिचा बाबा एप्रिलपर्यंत जहाजावरच.

तुझी,
खारूताई


१२ जानेवारी

खारे,

तुझं पत्र आलं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचलं. दूध उतू गेलं. तेव्हा पहिला हिशेब तुझ्या नावावर.

अगं, चांदणीला काही अर्थ नाही. चांदणी म्हणजे एवढंच की ती आज्ञा फसली तरी रडत बसू नकोस, पुढे चल. नाहीतर एक आज्ञा नाही म्हणाली की सगळंच अडतं आणि तक्ता जात नाही. ती ओळ जुना कचरा झाडायला घातली होती कधीतरी. घरात नाही का, आपण वाकडा खिळा वर्षानुवर्षं भिंतीत ठेवतो? काढायला गेलं की पोपडा निघतो. तसंच समज.

साहेबांना विचारू नकोस. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि कळत नाही हे कोणी दाखवलेलं त्यांना आवडत नाही. चाललंय ते चालू दे. नवीन माणसाने पहिलं वर्ष हात बांधून आणि डोळे मिटून काढावं.

पिल्लूला लोकरीची टोपी विणते आहे. डोक्याचं माप कळव.

आत्या


२० जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं ऐकायला हवं होतं. नाही ऐकलं. आता हे पत्र मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिहितेय, कारण ऑफिसात लिहायची हिंमत नाही.

कचरा असता तर एकदा झाडल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर पाचशे पन्नास आलं असतं. नाही सापडलं, म्हणून. पण मी मागच्या नोंदी काढून पाहिल्या. रोज दोनशे पन्नास. रोज! म्हणजे रोज तिथे काहीतरी असतं आणि रोज चार वाजता मी ते पुसते. माझ्या हाताने, माझ्या नावाने.

म्हणून परवा चारच्या आधीच दार वाजवलं. कप्प्यात गेले आणि नुसती यादी मागितली. बारा कच्च्या फाइली. तक्ता पाठवल्यावर पुन्हा मागितली. अकरा. नऊ नंबरच्या टाकीची गेलेली.

काल ती पुसायच्या आधी उतरवून घेतली आणि उघडली. आत्या, शिसं चौसष्ट. दहाच्या वर असू नये असं तुझ्याच वहीत पहिल्या पानावर आहे. साहेबांच्या पक्क्या तक्त्यात नऊपुढे चार लिहिलंय. मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. आज पुन्हा पाहिलं. एकसष्ट. तक्त्यात पाच.

मी पाहत असताना साहेब मागे येऊन उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. पावलांचा आवाज आला नाही, फक्त त्यांच्या पेनाच्या टोपणाचा, उघड-बंद, उघड-बंद. म्हणाले, "एवढं काय वाचताय?"

"तक्ता तपासत होते, साहेब."

"तुमच्या आत्या कधी तपासत बसल्या नाहीत. पाठवायच्या आणि घरी जायच्या." आणि हसले.

मी काय करू? नऊ नंबर म्हणजे आमचीच टाकी. तुला सांगायचं राहिलं, नोव्हेंबरात आम्ही घर बदललं. टाकीच्या मागच्या गल्लीत, ऑफिस पाच मिनिटांवर. घरमालकीण भली आहे, पाणी चोवीस तास. मी पाणी उकळूनच देते म्हणा. पिल्लूचं पोट मात्र पंधरा दिवस दुखतंय आणि जेवायला बसवलं की कंटाळते. डॉक्टर म्हणाले जंत असतील.

लवकर लिही.

खारू


२४ जानेवारी

खारे,

पत्र हातात पडताच पिल्लूला नळाचं पाणी देणं बंद कर. पिणं, भात, डाळ, दात घासणं, सगळं बंद. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते उरतं. लांबच्या वस्तीतून पाणी आण, विकत आण, काहीही कर.

तिचं रक्त तपास. डॉक्टरला 'शिसं' हा शब्द सांग. जंत म्हणाला तर दुसरा डॉक्टर गाठ.

तू तिकडे राहायला गेलीस हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं गं.

आत्या


२९ जानेवारी

आत्या,

रक्त दिलं. पिल्लूला धरायला मी आणि नर्स, दोघी लागलो. अहवाल आठ दिवसांनी येईल. पाणी मी रोज दोन कॅन सायकलवर आणते. घरमालकीण विचारते, "आमच्या पाण्याला काय झालं हो?" मी म्हणते, पिल्लूला चव आवडत नाही. तिची सून सहा महिन्यांची गरोदर आहे. रोज सकाळी नळाखाली तांब्या धरते आणि माझ्यासमोर घटाघट पिते. मी बघत उभी राहते. मला तोंड उघडता येत नाही, कारण मी बोलले की साहेबांना तासाभरात कळेल.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. 'कचरा' म्हणालीस. 'वाकडा खिळा' म्हणालीस. मी फक्त आकडा लिहिला होता; तू एका दमात भात, डाळ, दात सगळं सांगितलंस. तुला माहीत होतं. आणि तरी मला गप्प बसायला सांगितलंस. मी दुसऱ्या टोकाला राहत असते तर अजूनही सांगितलं असतंस.

ती आज्ञांची फाइल शेवटची कधी बदलली ते मी पाहिलं. सात वर्षांपूर्वी, एका मंगळवारी. बदलणाऱ्याच्या नावाच्या जागी तुझं नाव आहे.

रोज चारला मी अजून ती ओळ पाठवतेय. थांबवायला घाबरतेय आणि पाठवायलाही. साहेब आता चार दहाला न चुकता येतात. "गेलं?" एवढंच विचारतात.

तू लिहिणार नसशील तर तसं तरी कळव.


४ फेब्रुवारी

खारे,

सही करायलाही तुझा हात उचलला नाही, पाहिलं मी. बरोबर आहे.

ओळ मी लिहिली. सात वर्षांपूर्वी नऊ नंबरला पहिल्यांदा शिसं आलं, पस्तीस. जुने नळ झिजले होते. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "बाई, तीन महिन्यांत नवे नळ पडतायत. तोवर गावात हलकल्लोळ कशाला? लोक एकमेकांना तुडवतील. तुम्ही एवढं एक करा." मी म्हणाले, साहेब, लेखी द्या. ते म्हणाले, "लेखी दिलं की दोघं जाऊ." मला तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं. कोणाला कळलं तर काढतील, ही भीती वेगळीच होती. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी तसं दाखवलं नाही, फक्त मुद्दाम हळू आवाजात बोलायचे आणि मी अंदाजाने मान डोलवायचे. त्या दिवशीही डोलवली.

तीन महिन्यांचे सहा झाले. सहाचं वर्ष. नळ आले नाहीत. पहिले काही दिवस मी चार वाजता डोळे मिटून बटण दाबायचे. नंतर डोळे मिटायची गरज उरली नाही, हे सगळ्यात वाईट. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ना, ते कौतुकाने म्हणतात. ते कौतुकाचं नाही.

निवृत्त होताना मीच साहेबांना म्हणाले, माझ्या जागी पुतणीला घ्या. ते लगेच हो म्हणाले. मला वाटलं माझ्या कामाची कदर केली. त्यांना तुझ्या रूपाने माझं तोंड बंद ठेवायचं होतं, हे तुझं पहिलं पत्र वाचताना कळलं, आणि म्हणून दूध उतू गेलं. त्यावर मी विनोद केला.

आता नीट वाच. पुसलेली फाइल गेली, पण पुसायची आज्ञा गेलेली नाही. तिकडच्या सर्व्हरवर आलेली प्रत्येक आज्ञा तारीखवेळेसह उतरलेली असते. तिकडच्या त्या नोंदीपर्यंत साहेबांचा हात पोचत नाही. तिकडची माणसं साडेचारला फाइली उतरवून घेतात. नऊची कच्ची फाइल त्यांनी कधी पाहिलीच नाही, त्यांना वाटतं यंत्र अकराच टाक्या मोजतं आणि नऊचा आकडा हाताने मोजून तक्त्यात येतो. साडेचारला ती तिथे असली, आणि शेजारी पक्क्या तक्त्यात चार असले, तर आंधळ्यालाही दिसेल.

आधी दोन कागदांची व्यवस्था लाव. तू उतरवलेल्या कच्च्या फाइलींच्या प्रती, आणि सोबत जोडलेला माझा कबुलीजबाब. दोन्ही तिकडच्या मुख्य तपासनीस बाईंच्या नावाने रजिस्टरने पाठव. मग एक दिवस ती ओळ काढ.

माझं नाव लपवू नकोस. लपवलंस तर ते तुझ्या गळ्यात पडेल.

आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

झालं. कसं झालं ते सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

रजिस्टर शुक्रवारी टाकलं. सोमवारी दुपारी ओळ काढली. एक ओळ काढायला किती वेळ लागतो? मला पंचवीस मिनिटं लागली. चारला बटण दाबलं. पहिली आज्ञा, उत्तर. दुसरी, उत्तर. तिसरी, दोनशे पन्नास. मग तक्ता गेला. पडद्यावर तीनच उत्तरं. चौथीची जागा मला एवढी मोठी दिसायला लागली की वाटलं खिडकीतूनही कोणाला दिसेल.

चार दहाला साहेब आले. "गेलं?"

"गेलं."

ते पडद्याकडे बघत राहिले. मला वाटायचं त्यांना त्यातलं कळत नाही. त्यांना एवढंच कळतं, पण ते कळतं: उत्तरं चार असतात.

"आज तीनच?"

त्यांनी दार लोटून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे, आणि म्हणाले, "ओळ परत घाला आणि पुन्हा पाठवा. चूक होते माणसाकडून."

भिंतीवरच्या घड्याळात चार चौदा.

"नाही घालणार, साहेब."

"ती ओळ कोणी लिहिली माहीत आहे? तुमच्या आत्याबाईंनी. त्या वयात त्यांना कुठे उभं करणार आहात, विचार केलात?"

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले, पिल्लू हट्टाला पेटली की बसते तशी. चार सतरा. ते तुझ्याबद्दल बोलले. मग माझ्या नोकरीबद्दल. मग म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे ना?" आणि पेनाचं टोपण उघड-बंद करत राहिले. आत्या, मला त्या क्षणी काहीही करायला लावता आलं असतं. मी हातही बाहेर काढला होता. पण मग वाटलं, ह्याला माहीत आहे मी कुठे राहते. नोव्हेंबरात पत्ता ह्यानेच रजिस्टरात लिहून घेतला होता. तेव्हापासून ह्याला माहीत आहे पिल्लू कुठलं पाणी प्यायची.

"आहे," मी म्हणाले. "नऊ नंबरचं पाणी प्यायलीय."

ते उठले, स्वतः कळफलकावर वाकले. दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर काहीतरी चूक म्हणून आलं. सात वर्षं माणसं वापरली, आज्ञा द्यायला शिकलेच नाहीत. चार सव्वीसला त्यांनी मागची तार उपटली. मशीन बंद पडलं. पण फाइल इथे नव्हतीच, ती तिकडे होती. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मलाच भीती वाटली, इतका तो मोकळा होता, रिकाम्या घरासारखा.

साडेचार वाजले. कोणी आलं नाही, काही वाजलं नाही. मी पर्स घेतली आणि घरी चालत आले.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून थांबवल्याचं पत्र मिळालं, 'नोंदींशी छेडछाड' म्हणून. पण त्या संध्याकाळी घरमालकिणीला आणि सुनेला मी समोर बसवलं आणि सांगितलं. सुनेने हातातला पेला खाली ठेवला. ती रडली नाही. नुसती पोटावर हात ठेवून बसली. सासू म्हणाली, "पंधरा दिवस तू रोज आमच्यासमोरून पाण्याचे कॅन नेत होतीस." ती बरोबर बोलली.

पिल्लूचा अहवाल आला. चौदा. पाचच्या वर गेलं की लक्ष ठेवतात. डॉक्टर म्हणाले, पाणी बंद झालं हे मुख्य औषध, खाणंपिणं नीट ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. मी विचारलं, पूर्ण बरी होईल ना? ते म्हणाले, "तशी आशा करू." डॉक्टरांनी आशा हा शब्द वापरू नये.

खारू


३ मार्च

खारे,

चौकशीचं बोलावणं आलं, जाऊन आले. तुला त्या दिवशी खोलीबाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते मी सांगते. तुझ्यासमोरून गेले तेव्हा तू पाहिलं नाहीस. मीही थांबले नाही.

मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तपासनीस बाईंनी प्रश्न कागदावर लिहून द्यायचं ठरवलं. प्रत्येक प्रश्न मी मोठ्याने वाचायचा आणि मग उत्तर द्यायचं. साहेब समोर, त्यांचा वकील शेजारी. पहिला कागद आला. मी वाचला: "ही ओळ कोणी लिहिली?" आणि म्हणाले, "मी." दुसरा: "कोणाच्या सांगण्यावरून?" मी साहेबांकडे बोट केलं. वकील काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

मग बाईंनी तिकडची आज्ञांची नोंद टेबलावर ठेवली. सात वर्षांची. केवढा गठ्ठा, खारे! प्रत्येक पानावर तीच ओळ, तीच वेळ, चार वाजून काही सेकंद. पुढचा कागद होता: "या काळात नऊ नंबरच्या वस्तीत किती मुलं होती, याचा कधी विचार केलात का?" तो मला मोठ्याने वाचवेना. बाई थांबल्या. पाणी पुढे केलं. मी प्यायले नाही. मग वाचला. आणि म्हणाले, "नाही. विचार येऊ नये म्हणून मी लवकर घरी जायचे."

साहेब निलंबित झाले. माझ्यावरही खटला होईल, आणि तो व्हावा. टाकी बंद केली हे तू पाहतेसच. तू पुन्हा कामावर घेतली जाशील असं बाई म्हणाल्या. मला वाचता यावं म्हणून लिहून म्हणाल्या.

एक विचारायचं आहे. मला पिल्लूला बघायचं आहे. दुरून चालेल. येऊ का?

आत्या


९ मार्च

आत्या,

गल्लीत सकाळ-संध्याकाळ टँकर येतो. सगळ्या घरातल्या मुलांचं रक्त घ्यायला शाळेत टेबलं मांडली आहेत. मी नावं लिहून घ्यायला बसते, कोणी सांगितलं नाही, आपणहून. काल एकशे बारा झाली. आया विचारतात, "किती असलं तर घाबरायचं?" मी पाच सांगते. माझ्या मुलीचं चौदा आहे हे सांगत नाही. सांगितलं की त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघतील ती मला सोसणार नाही. सुनेचा अहवाल यायचा आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण पिल्लूला केस विंचरून देते.

सोमवारी मी पुन्हा खुर्चीवर बसले. चार वाजता तीन आज्ञा, तीन उत्तरं. कोणी मागे उभं नाही हे वळून पाहावं लागतं.

तू सगळं खरं सांगितलंस. तू सांगितलं नसतंस तर ते सगळं माझ्यावर आलं असतं, हे मला कळतं. आणि सात वर्षांत एकदा, फक्त एकदा सांगितलं असतंस तर, हेही कळतं. ही दोन्ही एका डोक्यात मावत नाहीत. दिवसा एक असतं, झोपायच्या वेळी दुसरं.

येऊ नकोस. अजून नाही.

पिल्लूचं रक्त मे महिन्यात पुन्हा घ्यायचं आहे. आकडा आला की सगळ्यात आधी तुला कळवीन, तिच्या बाबाच्याही आधी. कमी आला असेल तर त्याच पत्रात 'ये' असं लिहीन. जास्त आला तर काय लिहीन ते आज मला माहीत नाही.

तोवर तू लिहीत राहा. काहीही लिही. मी वाचते.

खारू